एक ॲमस्टरडॅम-फ्रँकफर्ट

आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, शिकागो किती लांब आहे असं विचारलं तर ते मैल सांगत नसत आणि तासही सांगत नसत. "एक ॲमस्टरडॅम-फ्रँकफर्ट," म्हणत. क्लीव्हलँड त्यांच्या हिशेबी अर्ध्याहून कमी. नागपूर-मुंबई दोनाला थोडं कमी. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला वाटायचं, यांचा एखादा स्क्रू ढिला असावा. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना जवळचं इंडियन स्टोअर कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्याला काय, शंभरावा हिस्साही नाही. मी मान डोलावली आणि दुकान शेवटी नवऱ्याला शोधायला लावलं.

कॅलिफोर्नियात राहणारी त्यांची मुलगी थँक्सगिव्हिंगला यायची. इथेच जन्मलेली, मराठी कळायची पण बोलायची नाही. तिने एकदा आमच्यासमोरच त्यांना सांगितलं, "डॅड, दॅट इज नॉट अ युनिट." काका शांतपणे म्हणाले, "मग मीटर तरी कुणाच्या घरचा होता?"

युरोपातल्या त्या दोन विमानतळांमधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जरा जास्त. विमान तासाभरात पोचतं. पट्टे सोडा म्हणेपर्यंत पुन्हा बांधा म्हणतात. एवढी माहिती काका न विचारता कुणालाही देत आणि वर जोडत, "विमानाला एक तास लागतो. माणसाला किती लागतो ते विचारा." आम्ही कधी विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्यात कुणाला काही विचारण्याचं त्राणच नव्हतं.

ही दोन हजार चार-पाच सालातली, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायची गोष्ट. मी एका मोटार कंपनीच्या कंत्राटदाराकडे सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. नवरा सोमवारी पहाटे क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी परतायचा. ग्रीन कार्डाची फाइल कुठे अडकली आहे ते वकिलालाही धड सांगता येत नव्हतं. भारतात जायचं तर व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागणार, तो लांबला तर नोकरी जाणार, म्हणून आम्ही तीन वर्षं गेलो नव्हतो आणि पुढे कधी जाऊ तेही ठाऊक नव्हतं. ऑफिसात कुणाला तरी खोक्यात सामान भरताना बघायचं, आज आपण नाही म्हणून सुस्कारा सोडायचा, घरी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा आणि झोपायचं. मी सतत दमलेली असायचे. आजही ते दिवस आठवायला गेले की आधी तो थकवा आठवतो आणि मग काका.

काका मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात शिकायला आले आणि राहिले. जन्मभर त्यांनी गाड्यांच्या सीटा डिझाइन केल्या. कमरेला टेका कुठे हवा, मांडीखाली फोम किती जाड हवा, यात त्यांची नोकरी गेली, आणि मंदी आल्यावर कंपनीने त्यांना वेळेआधीच निवृत्त केलं. काकू त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. एका घराचे दोन भाग केलेले होते, एका भागात ते एकटे आणि दुसऱ्यात आम्ही, मधे एकच भिंत. आमचं बाळ रडायला लागलं की ते आपण होऊन त्यांचा रेडिओ बंद करायचे. थर्मोस्टॅट मात्र मी जरा वर नेला तर त्यांना भिंतीपलीकडूनही कसं कोण जाणे कळायचं.

तर असा हा सीटवाला माणूस स्वतः कुठे बसत नसे. दर महिन्याला घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला यायचे तेव्हा चहा घ्यायचे तो आमच्या फ्रिजला टेकून, उभ्याने. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको. माणूस बसला की दुसरे त्याचं ठरवायला लागतात." कुणाच्या घरी सत्यनारायण असो नाहीतर वाढदिवस, हे आपले दाराशी उभे. लोकांना वाटायचं, यांना पाठीचा त्रास आहे. बायका त्यांना तेलं सुचवायच्या.

हिवाळ्यात त्यांचा दिवस मॉलमध्ये सुरू व्हायचा. बाहेर चालणं अशक्य असतं तेव्हा तिथली निवृत्त मंडळी दुकानं उघडण्याआधी मॉलमध्ये येऊन आतल्या आत फेऱ्या मारतात. त्या सगळ्या पांढऱ्या बुटांच्या घोळक्यात आमचे काका एकटे मराठी. पण त्यांचं चालणं नुसतं चालणं नव्हतं. गावात कुणाचे आईवडील भारतात परत जायचे असले की काका त्यांना बरोबर न्यायचे आणि मॉलमध्ये विमान बदलायला शिकवायचे.

फूड कोर्ट म्हणजे ॲमस्टरडॅम. तिथे उतरायचं, पाट्या बघत बुटांच्या दुकानापर्यंत जायचं, ते गेट. मग कारंज्याजवळच्या बाकावर एक मिनिट टेकायचं, ते विमान. बसणं म्हणून तेवढंच काय ते त्यांना मंजूर होतं. उठलं की फ्रँकफर्ट आलं, आणि तिथून मॉलच्या पार दुसऱ्या टोकाचं डिपार्टमेंट स्टोअर, म्हणजे मुंबईचं विमान. मुलामुलींनी बरोबर यायचं नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला फोनवर सांगून खूप हसले होते. त्या वर्षी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मग माझी आई आली.

माझ्या बाळंतपणासाठी ती नागपूरहून आली ती व्हीलचेअरवर बसून. तिच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं. रोज पहाटे अंबाझरी तलावाला चक्कर मारून आल्याशिवाय ती चहा पीत नसे. पण इंग्रजी येत नाही, बाबा गेल्यापासून एकटी कुठे गेलेली नाही, आणि व्हीलचेअर सांगितली की विमान कंपनीचा माणूस या गेटवरून त्या गेटवर आपणहून नेतो, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ होतं. धडधाकट आईवडिलांना आम्ही सगळेच असे चाकांवर मागवायचो. भाजीबरोबर कोथिंबीर घ्यावी तशी तिकिटाबरोबर व्हीलचेअर घ्यायचो.

डेट्रॉइटला ती बाहेर आली तेव्हा साडीत पाय ओढून घेऊन बसली होती आणि कुणाकडे बघत नव्हती. घरी आल्यावर तडक बाथरूममध्ये गेली. मग कळलं, वाटेतल्या दोन्ही विमानतळांवर ती जागची हललीच नव्हती. चाकाच्या खुर्चीतली बाई उठून तरातरा चालत बाथरूमला गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून. आणि पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"खोटी बसले ना मी तिथे," ती म्हणाली. "बाजूला एक खराच पाय अधू असलेला माणूस उभा होता. मी काही आता पुन्हा येत नाही बाप्पा. तुम्हीच या."

तुम्हीच या. आम्हाला जाता येत नव्हतं आणि तिला यायचं नव्हतं. तसंच राहिलं असतं तर माझी मुलगी आजीला पुन्हा भेटली असती ती दप्तर पाठीला लावूनच, आणि दोघींना एकमेकींची ओळख करून द्यावी लागली असती. सहा महिने मी दुपट्यांच्या घड्या घालताना हा विचार पुढे ढकलत राहिले. आई जायची वेळ जवळ आली तरी मी तिला, पुन्हा कधी येशील, असं एकदाही विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.

परतीचं तिकीट त्याच वाटेचं होतं. डेट्रॉइटहून ॲमस्टरडॅम, तिथून फ्रँकफर्ट, तिथून मुंबई. युरोपच्या व्हिसाचे पैसे धरूनही स्वस्त पडलं म्हणून घेतलेलं. मुंबईला मामा येणार होता. काका फिल्टर बदलत होते तेव्हा मी सहज म्हणाले की परतीलाही व्हीलचेअर सांगून ठेवते. त्यांनी हातातला फिल्टर खाली ठेवला.

"पायाला काय झालंय?"

"काही नाही. पण काका, तिला इंग्लिश येत नाही."

"चालायला इंग्लिश लागत नाही," ते म्हणाले आणि आईकडे वळले. "ताई, उद्या सकाळी बूट घालून तयार राहा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाद घालायचाही कंटाळा आला होता, म्हणून मी माझे बूट तिला आणून दिले.

दुसऱ्या दिवसापासून आई सुती साडीवर माझे निळे बूट घालून काकांच्या गाडीतून जायला लागली. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनासाठी दोन जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या. आल्यावर ती मला सगळं सांगायची. काकांचा नियम असा की वाट तिघांना विचारायची आणि दोघं ज्या बाजूला हात करतील तिकडे जायचं. सूटवाल्याला विचारायचं नाही, तो स्वतःच चुकलेला असतो. विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं नाहीच. बोर्डिंग पास पुढे धरायचा, गेटच्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाच्या समोरून बाजूला व्हायचं नाही. सुरक्षा तपासणीचा सराव म्हणून कारंज्यापाशी बूट काढून बाकावर ठेवायचे, बांगड्या काढायच्या, पुन्हा घालायच्या. फेऱ्या मारणाऱ्यांपैकी पांढऱ्या केसांची एक बाई तर आईला रोज "हॅव अ सेफ फ्लाइट" म्हणायची, आणि आई तिला नमस्कार करायची.

"तुझे काका मास्तरच आहेत," आई म्हणायची. "काल फ्रँकफर्टला उशीर झाला तर किती बोलले." पण तिचे गाल लाल झालेले असत आणि भूक लागलेली असे. मला सहा महिन्यांत तिला एवढं कुठे हिंडवता आलं नव्हतं. मला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

जायच्या आधीच्या शनिवारी परीक्षा ठरली. दुकानं उघडी, मॉल माणसांनी भरलेला. काकांनी एका कार्डावर गेटचे आकडे घालून पास बनवला होता. बाळाला स्ट्रोलरमध्ये घालून मी त्या टोकाच्या स्टोअरपाशी थांबायचं, आईला फूड कोर्टात सोडून काकाही तिथेच येणार, आणि आईने एकटीने यायचं. निघताना मी तिचा पदर सारखा करायच्या निमित्ताने तिच्या कानात म्हणाले, "हरवलीस असं वाटलं तर आहेस तिथेच बस. कुठे जाऊ नकोस. मी येते."

आम्ही थांबलो. काका घड्याळ बघत नव्हते, माणसं बघत होते. बाळ एकदा उठलं, दूध प्यायलं, पुन्हा झोपलं. आई आली नाही. शेवटी काका चालायला लागले आणि मी स्ट्रोलर ढकलत त्यांच्यामागे धावले.

आई कारंज्याजवळच्या बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली आणि पाय साडीत ओढून घेतलेले, सहा महिन्यांपूर्वी डेट्रॉइटला बसली होती अगदी तशी. गर्दीत तिला बुटांचं दुकान सापडलं होतं, विमानही झालं होतं, पण उठल्यावर दिशा कळेनाशी झाली.

"ताई, कुणाला विचारलं नाहीत?" काकांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "हिने सांगितलं होतं, बस म्हणून."

मला वाटलं आता काका माझ्यावर ओरडणार. मी तयारीही ठेवली. पण ते बाकावर आईच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. बसल्यावर ते खूपच म्हातारे दिसले.

मग ते सांगायला लागले. त्यांची आई एकदाच अमेरिकेत आली होती, फार वर्षांपूर्वी. तीही याच वाटेने. परत पाठवताना काकांनी तिला इथल्याच एका कुटुंबाची सोबत बघून दिली. ते लोक वेगळ्या विमानाने निघून ॲमस्टरडॅमला तिला भेटणार होते. काकांनी आईला बजावलं होतं की उतरलीस की खुर्चीत बसून राहा, ते तुला न्यायला येतील, दुसऱ्या कुणाबरोबर कुठे जाऊ नकोस. त्या कुटुंबाचं तिकीट आयत्या वेळी बदललं आणि गडबडीत कळवायचं राहून गेलं. विमान कंपनीची बाई म्हातारीला न्यायला आली. पुन्हा आली. कुठूनसा हिंदी बोलणारा माणूस शोधून घेऊन आली. म्हातारी खुर्चीचे हात धरून बसली होती. मुलाने सांगितलं होतं. फ्रँकफर्टचं विमान गेलं, तिथून पुढे मुंबईचंही गेलं. शेवटी दुसऱ्या दिवशी विमान कंपनीच्या लोकांनी डेट्रॉइटला काकांना फोन लावून तिच्या हातात दिला. काकांनी "ऊठ" म्हटलं, तेव्हा ती उठली.

"त्या लोकांनी सगळं केलं," काका म्हणाले. "चूक असलीच तर माझी. मिरजेत रोज चालत देवळात जाणारी बाई ती. घरी पोचल्यावर मी फोनवर तिलाच रागावलो. अगं, तासाभराचं तर विमान होतं, गेली का नाहीस त्या बाईबरोबर? तर म्हणाली, तू बस म्हणालास म्हणून बसले रे."

आईने पिशवी खाली ठेवली.

"त्यानंतर दरवर्षी मी तिला ये म्हणायचो," काका म्हणाले. "दरवर्षी एकच उत्तर. फार लांब आहे रे. मला वाटायचं, अमेरिका लांब आहे म्हणते. ती गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ती तेवढंच म्हणत होती. ॲमस्टरडॅम ते फ्रँकफर्ट."

मला तिथे, त्या भर मॉलमध्ये, रडू आलं. काकांच्या आईसाठी आलं, माझ्या आईसाठी आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आम्ही सगळी मुलं प्रेमापोटी आईबापांना जे बसवून ठेवतो त्यासाठी आलं. आईने मला रडू दिलं. मग तिने पिशवी खांद्याला लावली आणि उठली.

"चला," ती काकांना म्हणाली. "ॲमस्टरडॅमपासून परत करू." आणि मला म्हणाली, "तू आता काही सांगू नकोस."

त्या दिवशी ती दोनदा आली. दुसऱ्यांदा तर वाटेत कुठल्याशा दुकानात थांबून नातीसाठी टोपी बघून आली. काका त्याबद्दलही तिला बोलले.

विमानतळावर मी काही सांगितलं नाही. तोंडात सूचना भरलेल्या होत्या, त्या गिळल्या आणि सावकाश जा एवढंच म्हणाले. व्हीलचेअर नव्हती. आईने बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, बांगड्या ठेवल्या, पलीकडे जाऊन पुन्हा घातल्या. या सगळ्या कामात ती मागे वळून बघायचीच विसरली. काका आमच्याबरोबर आले होते. त्यांनी नुसता हात वर केला, तोही तिने पाहिला नाही.

दुसरा दिवस कसा काढला ते मलाच माहीत. मी नेटवर बघत होते. विमान ॲमस्टरडॅमला उतरलं. दुसरं विमान तिथून निघून फ्रँकफर्टला उतरलं. पण विमान उतरलं म्हणजे आई उतरली असं नसतं. भिंतीपलीकडे काका येरझाऱ्या घालत होते. त्यांची पावलं मला स्वयंपाकघरातही ऐकू येत होती आणि बाळाच्या खोलीतही.

मुंबईहून मामाच्या मोबाइलवरून आईचा फोन आला. पोचले वगैरे काही नाही, पहिलं वाक्य हे की दोन्हीकडे बाथरूमला जाऊन आले. मग म्हणाली, तिथे कॉफी भारी मिळते. आणि मग म्हणाली, "ॲमस्टरडॅमला एक बाई होती गं. माझ्याहून थोडी मोठी. तेलुगू असावी. खुर्चीत बसलेली आणि न्यायला आलेल्या पोरीबरोबर काही केल्या जाईना. खुर्चीचे हात धरून बसली होती."

"मग?"

"मग काय. तिचा पास बघितला, तर आपलंच गेट. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी हात धरला आणि उठवलं तिला. आम्ही दोघी चालत गेलो. ती पोरगी रिकामी खुर्ची ढकलत आमच्यामागून."

फोन ठेवून मी बाळाला कडेवर घेऊन शेजारी गेले. काकांनी दार उघडलं ते दारामागेच उभे असल्यासारखं. मी सगळं सांगितलं. बाथरूमचं, कॉफीचं, त्या बाईचं.

"खुर्ची रिकामी?" शेवटी म्हणाले.

"रिकामी."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी पलीकडून चालण्याचा आवाज आला नाही. मी दोनदा भिंतीपाशी जाऊन ऐकलं.

आई त्यानंतर दोनदा आली, दोन्ही वेळा स्वतःच्या पायांनी. दुसऱ्या खेपेला तर मला न विचारताच तिने मामाकडून तिकीट काढून घेतलं. काकांकडे मात्र ती आल्याआल्या हजेरी द्यायची आणि कुठल्या विमानतळावर कुठली पाटी बदलली ते त्यांना सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि तिच्या सांगण्याप्रमाणे मॉलमधले धडे बदलायचे.

दोन हजार आठ साली नवऱ्याला नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला नोकरी लागली आणि आम्ही नोव्हाय सोडलं. ग्रीन कार्ड अजून यायचंच होतं. सामान बांधून झाल्यावर काका शेवटचा फिल्टर बदलायला आले. मी खोक्यातून एक कप पुन्हा बाहेर काढून त्यांना चहा केला. चार वर्षांत मीही त्यांचं गणित शिकले होते, आणि डेट्रॉइटहून नॉर्थ कॅरोलायना किती पडतं ते मनात काढून ठेवलं होतं. दोन आणि वर थोडं. तरी त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून विचारलं.

"काका, मॉरिसव्हिल किती लांब आहे हो इथून?"

फ्रिजला टेकायची त्यांची सवय, पण फ्रिजपुढे सामान रचलेलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"पाचशे मैल असेल," ते म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन आमच्या एका खोक्यावर बसले.